माझ्यापेक्षा गोड बोलणारी

आमच्याकडं दारात अनोळखी माणूस आला की आधी पाणी देतात, मग गाव विचारतात आणि मग मामकूळ. मामा कुठले, कुलदैवत कोणतं, देवक काय, मावशी कुठं दिली. चुलीवरचा चहा उकळेपर्यंत कुठं ना कुठं नातं निघतंच. पैनगंगेच्या अलीकडं तेलंगणात आमची घरं मोजकी, पलीकडं महाराष्ट्रात सगळे सोयरे. लेकी तिकडं जातात, सुना तिकडून येतात. त्यामुळं एकदा नातं निघालं की तो माणूस परका राहत नाही, त्याला जेवूनच जावं लागतं. बाबांचा या रीतीवर देवापेक्षा जास्त भरवसा. ते म्हणायचे, "कागद कोनीबी करते. मामकूळ कसं करन?"

आता ते असं म्हणत नाहीत.

आम्ही इचोड्यात राहतो, शेती बोथकडच्या गावात आहे. बाबा आणि दादा शेत बघतात, मी बोथजवळच्या मराठी शाळेत शिकवते. रोज सकाळी इचोड्याच्या बस स्टँडवरून गाडी पकडते. लग्नाचं वय निघून चाललं असं घरात रोज कोणीतरी म्हणायचं. कधी आई, कधी आत्या, आणि दोघी गप्प असल्या तर शेजारची. शेवटी बाबांनी आदिलाबादला जाऊन माझा बायोडाटा करून आणला. वर गणपती, कडेनं लाल वेलबुट्टी, उजवीकडं माझा पिवळ्या साडीतला फोटो. खाली सगळंच होतं: जन्मतारीख, जन्मवेळ, रास, नाडी, देवक, मामाचं गाव वांकिडीकडचं, शेती कुठं, भाऊ काय करतो, मी कोणत्या शाळेत शिकवते, आणि घराचा पत्ता, अगदी बस स्टँडमागची गल्ली धरून. मी बाबांना म्हटलं, एवढं कशाला, कोणी घर लुटायला निघालं तरी त्याला याच्यापेक्षा कमी लागेल. बाबा चिडले. सोयरिकीत लपवाछपवी चालत नाही म्हणाले. आणि त्यांनी तो समाजाच्या ग्रुपवर टाकला, तिथून आत्यानं तिच्या सासरच्या ग्रुपवर, तिथून आणखी कोणी कुठं, देव जाणे.

मी फटकळ आहे, हे तेवढं त्यात नव्हतं.

पुढचे काही महिने बाबांचा फोन सारखा वाजायचा. स्थळं यायची, जायची. माझं तोंड एकदा उघडलं की बरीचशी जायची. बाबा प्रत्येकाशी तासभर बोलायचे आणि कोण कुठला ते दुसऱ्या दिवशी विसरायचे. पुढं जे झालं ते सगळं या विसराळूपणावर ढकलायची सोय होती, आणि आम्ही काही दिवस ढकललंही.

एका रविवारी सकाळी घरासमोर जीप उभी राहिली. एक म्हातारी बाई, तिचा भाऊ आणि तिचा मुलगा. मुलगा माझ्या वयाचा असेल, इस्त्रीचा शर्ट, मान खाली. पलीकडून, यवतमाळकडून आले होते. भाऊ म्हणाला, फोनवर बोलनं झालतं, आता म्हनलं जाऊनच यावं. बाबांना काही आठवलं नाही, पण ते "हो हो, या ना" म्हणाले, कारण तसं न म्हणणं आमच्यात बसत नाही. आईनं पाणी दिलं. चहा ठेवला. आणि रीतीप्रमाणं खणायला सुरुवात झाली.

काय जुळलं म्हणून सांगू. मामाच्या गावाला लागून असलेलं गाव त्यांच्या मोठ्या सुनेचं माहेर निघालं. देवक चाललं. कुलदैवत एक. म्हाताऱ्या बाईला माझ्या आजोळच्या विहिरीपर्यंत सगळं माहीत. बाबांचा चेहरा असा खुलला होता की मी दारामागून बघून मनात म्हटलं, झालं, आता माझी सुटका नाही. मला हाक मारली. मी पोहे घेऊन गेले. म्हाताऱ्या बाईनं मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, साडी ठेवली, आणि मला काही कळायच्या आत माझ्या ओटीत नारळ टाकला. आईनं बाबांकडं बघितलं. पहिल्याच भेटीत ओटी म्हणजे पसंती झाली. बाबा हसत होते. त्यांना वाटलं, देव पावला.

मग ती बाई माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "फोनवर तर लय बोलते म्हने आमच्या पोराशी. आता काऊन चूप बसली, सूनबाई?"

मी म्हटलं, मी कोणाशी फोनवर बोलले नाही. बाई हसली, लाजते म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, जरा जोरात. माझा आवाज चढला की शेजारच्या गल्लीत ऐकू जातो. मुलानं पहिल्यांदा मान वर केली. तो माझ्या तोंडाकडं नाही, माझ्या आवाजाकडं बघत होता, असंच म्हणावं लागेल. काहीतरी चुकलंय हे सगळ्यांत आधी त्याला कळलं. त्यानं खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला.

बायोडाटा माझाच होता. तोच गणपती, तीच पिवळी साडी. फक्त खालचा बाबांचा नंबर गेला होता आणि तिथं दुसराच होता. त्या नंबरावर कोणी पुरुष माझा बाप म्हणून मुलाच्या मामाशी बोलला होता, आणि कोणी बाई महिनोन्महिने मी म्हणून या मुलाशी बोलत होती. मी त्यांचे मेसेज वर सरकवत गेले. संपेचना. मधेमधे माझे फोटो. शाळेतल्या झेंडावंदनाचा, जो मुख्याध्यापकांनी टाकला होता. पोळ्याला बैलाला औक्षण करताना, तो वहिनीच्या स्टेटसवर होता. चुलतबहिणीच्या हळदीतला, आत्याच्या मुलानं काढलेला. मी एकही टाकला नव्हता. माझ्याच माणसांनी कौतुकानं टाकले होते, आणि त्यांच्या फोनमधून कोणीतरी एकेक वेचून घेतला होता, बोंडातून कापूस वेचावा तसा.

मग त्यातलंच एक रेकॉर्डिंग लावून मी तिचा आवाज ऐकला. हे मला आजही नीट सांगता येत नाही. आवाज माझा नव्हता, पण बोली आमचीच होती. जेवले का, असं काऊन करता, माया जीव घाबरते बापा. ती शाळेतल्या पोरांच्या गोष्टी सांगत होती, ज्या कधी घडल्याच नव्हत्या. इचोड्याची बस चुकली म्हणून हसत होती. बस चुकली की मी हसत नाही, मी कंडक्टरच्या सात पिढ्या उद्धारते. ती माझ्यापेक्षा गोड होती. खरं सांगते, क्षणभर मला तिचा हेवा वाटला. माझ्याच तोंडानं इतकं मऊ बोलता येतं हे मला कोणी दाखवलं नव्हतं. आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली.

मुलाची आई रडायला लागली. ती मला चोर समजत नव्हती, याचंच मला जास्त वाईट वाटलं. दोन्ही हातांनी माझा हात धरून ती म्हणाली, "खरं सांग माय, तूच हायेस ना? घरच्यांच्या भेवानं नाही म्हनते ना?" मी नाही म्हटलं. तिनं हात सोडला नाही. मुलानं त्या आवाजाला काय काय दिलं असेल ते त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. ते निघाले तेव्हा माझ्या आईनं साडी परत केली. नारळ मात्र त्यांनी घेतला नाही. ओटीत पडलेला नारळ परत घेणं म्हणजे अपशकुन. आम्हीही जबरदस्ती केली नाही, कारण आमच्याकडंही तेच. आईनं तो देवघराच्या खालच्या फळीवर ठेवला. फोडावा तर प्रसाद कशाचा, टाकावा तर ओटीचा. तो तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथला साहेब तेलुगूत बोलत होता, माणूस वाईट नव्हता. त्यानं तक्रारीची दरखास्त लिहायला सांगितली, तो दुसरा नंबर लावून बघितला, तो बंद होता. मग त्यानं मला विचारलं, एवरु पेट्टारम्मा? कोणी टाकलं हे? मी बाबांकडं बघितलं. बाबा म्हणाले, मीच. साहेबानं पेन खाली ठेवलं. चोरी झाली असती तर त्याला लिहिता आलं असतं. इथं आम्हीच दार उघडं ठेवून, पत्ता लिहून, वर जन्मवेळही दिली होती. चौकशी करू म्हणाला, आणि तो बायोडाटा फोनमधून मिटवून टाका असं सांगितलं.

बाबांनी बाहेर पायरीवर बसूनच आपल्या फोनमधून बायोडाटा मिटवला. मोठं काम उरकल्यासारखा श्वास सोडला आणि "झालं" म्हणाले. मी त्यांना सांगितलं, बाबा, तुमच्या फोनातला गेला, बाकीच्यांच्या फोनातला कोण मिटवणार? ते म्हणाले, ग्रुपमधे सगळी आपलीच मानसं हायेत. मी म्हटलं, मग ही बाई कुठली? आपली बोली बोलते, आपले फोटो तिच्याकडं जातात. बाबा फोन खिशात घालून पायरीवरून उठले. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकत्र आले की माझं डोकं दुखतं.

त्यानंतर मला आमच्या माणसांत बसवेना. कोणाच्या बारशाला गेलं, तेरवीला गेलं, पंगतीत बसलं, की मी बायकांचे आवाज ऐकायची. ही की ती? एखादी "बापा" म्हणून हसली की माझा घास हातात राहायचा. लहानपणापासून ज्यांच्या मांडीवर खेळले त्या बायकांकडं मी अशी बघायला लागले. कोणी फोन वर केला की मी तोंड फिरवायची. आत्या म्हणाली, पोट्टी लय माजली. वहिनीनं स्टेटस टाकणं बंद केलं, पण मग मला वाटायचं, आताच का बंद केलं? माझ्याच वहिनीवर मी संशय घेतला. तिनं काही केलं नव्हतं, असं मी अजूनही धरून चालते. पण धरून चालावं लागतं, हेच वाईट.

आणि मग तो मुलगा यायला लागला.

पहिल्यांदा मला वाटलं भास झाला. इचोड्याच्या स्टँडसमोर उसाच्या रसाचं दुकान आहे, त्याच्या सावलीत मोटारसायकल लावून उभा. नदी ओलांडून एवढ्या लांबून. जवळ आला नाही, हाक मारली नाही, मागं आला नाही. माझी बस हलली की तोही जायचा. काही दिवसांनी पुन्हा. मी दादाला सांगितलं. दादा मित्रांना घेऊन गेला. मुलानं हात जोडले, चूक झाली म्हणाला, गेला. पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा त्याच सावलीत. दादा म्हणाला, हात उचलावा असं त्यानं काहीच केलं नाही, मी काय करू. तेही खरं होतं. त्यानं काही करेपर्यंत वाट बघायची, एवढंच आमच्या हातात होतं.

घरात ठरलं की मी शाळा सोडावी. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मी भांडले. दोन वेळा जेवले नाही, ताट सरकवून दिलं, जे बोलू नये ते बोलले. शेवटी तोड निघाली की शाळा राहू दे, पण लग्न लवकर उरकावं, एकदा नवऱ्याघरी गेली की हा पिच्छा सुटेल. आत्यानं लगेच विचारलं, नवीन बायोडाटा कधी करता?

मी म्हटलं, फोटो नाही, पत्ता नाही, जन्मवेळ नाही. आत्या म्हणाली, मंग काय पाहून येतीन लोक, तुया सभाव? सगळे हसले. मीही हसले, कारण ती बोलली ते खरं होतं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की ग्रुपवर काही टाकणार नाही. आणि त्यांनी शब्द पाळला. ग्रुपवर टाकलं नाही. निळ्या साडीतला एक नवा फोटो वहिनीनं अंगणात काढला, तो आणि थोडी माहिती बाबांनी फक्त आत्याला पाठवली. सख्खी बहीण, घरातल्या घरात. आत्यानं तिच्या फक्त एका जावेला पाठवला असेल. तिनंही फक्त एकीला. आमच्यात कोणीच गावभर सांगत नाही, सगळे फक्त एकालाच सांगतात.

त्याच आठवड्यात मी स्टँडवर आले तर तो उभा होता. माझी बस लागायची होती. मला काय झालं माहीत नाही, मी रस्ता ओलांडून सरळ त्याच्यासमोर गेले. रसवाला मशीन थांबवून बघायला लागला. मी विचारलं, काय पाहिजे तुम्हाला? तो घाबरला. सरळ माणूस होता, डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, काही नाही, फक्त पाहून जातो. मग हळूच म्हणाला, "निळी साडी तुमाले बरी दिसते."

ती साडी मी अंगणाबाहेर नेसलेच नव्हते. मी विचारलं, फोटो कोणी दिला. तो म्हणाला, तिनं पाठवला. नंबर बदलला तिनं, पन तिनंच पाठवला.

मी म्हटलं, अहो, तुम्ही आमच्या घरी आला होता. तुमच्या समोर सगळं उघडं पडलं. ती मी नाही, हे तुम्हाला कळलं नाही का?

"कळलं ना," तो म्हणाला. "तुमी ती नाही. तुमी लय कडक बोलता."

"मग तिच्याशी काऊन बोलता?"

"थे बोलते मायाशी."

मी म्हटलं, तो फोटो माझा आहे, ते नाव माझं, ते आजोळ माझं, ते सगळं आयुष्य माझं आहे. उद्या ती आणखी कोणाला काय सांगेल, आणि दारात माझ्या येतील. बंद करा हे. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीच काहीतरी वेड्यासारखं मागते आहे. रागानं नाही, उलट समजूत घातल्यासारखं तो म्हणाला, "तुमाले काऊन तरास होते बाई? मी तुमच्याशी कुठं बोलून राह्यलो?"

बस लागली. मी चढले, खिडकीतून बघितलं. तो फोनमध्ये मान घालून हसत होता.

दिवसभर शाळेत मी काय शिकवलं ते आठवत नाही. घरी येताना ठरवलं की बाबांना सगळं सांगायचं, आत्याच्या जावेपर्यंत जायचं, प्रत्येकीला विचारायचं, मग संबंध तुटले तरी चालतील. घरात शिरले तर बाबा खुशीत होते. कितीतरी दिवसांनी. आई देवघराजवळ कुंकवाचा करंडा पुसत बसली होती, खालच्या फळीवर तो नारळ तसाच होता.

बाबा म्हणाले, चांगलं स्थळ आलं, किनवटकडचं, रविवारी येऊन राह्यले. मामकूळ जुळते. मी चप्पल काढायची थांबले. विचारलं, ते तुमच्याशी बोलले का?

"बोलले ना. म्हने, पोरीशीबी बोलनं झालं आमचं. फोटोखाली तुयाबी नंबर होता म्हने." मी माझा नंबर कधीच कुठं दिला नव्हता, बाबांना ते माहीत होतं, पण आनंदात त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते माझ्याकडं कौतुकानं बघत होते, मी शेवटी शहाणी झाले म्हणून.

"लय खूश हायेत थे लोक," ते म्हणाले. "म्हने, पोरगी फार गोड बोलते."

आईनं करंडा खाली ठेवला. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.